मसाल्याचा बेल्ट

"मसाल्याला बेल्ट लावायचा म्हणजे काय?" लतिकाबाईंनी विचारलं. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत, कुटायच्या डंकांच्या धडधडाटात हे त्यांना ओरडूनच विचारावं लागलं. त्यामुळे मिरच्यांच्या पिशव्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या झाडून सगळ्या बायकांनी माना वळवून शरच्चंद्र नाबरांकडे पाहिलं.

शरच्चंद्रांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मागच्या सीटवर ठेवलेल्या पत्र्याच्या मोठ्या डब्याभोवती त्यांनी बेल्ट ओढून घेतला, खटकन अडकवला आणि डबा दोन्ही हातांनी हलवून पाहिला. डबा जागचा हलला नाही.

"म्हणजे माणसाला लावतात तसा," ते म्हणाले. "गाडीत सुटी वस्तू ठेवायची नसते. ब्रेक लागला की गाडी थांबते, वस्तू थांबत नाही."

"मग माझ्या मांडीवर द्या. मी पुढेच बसतेय."

"पुढे तर अजिबातच नाही. तुझ्यासमोर एअरबॅग आहे. ती फुगली की मांडीवरचा डबा थेट हनुवटीत."

"मग डिकीत ठेवा नि काय ते एकदाचं मिटवा."

"डिकीत?" लतिकाबाईंच्या थोरल्या बहीण सुंदराबाई आतापर्यंत गप्प होत्या. करी रोडच्या चाळीतून त्या खास मसाला भाजून घ्यायला नि कुटताना पहारा द्यायला आल्या होत्या, आणि मसाल्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता. "डिकीत शरदरावांचे चपले आसत, ऑइलचो डबो आसा. वर्साचो मसालो थंय ठेवतंस? आनी झाकण लावू नको हां. गरम मसालो झाकून ठेवलो की त्येका पाणी सुटता." असं म्हणून त्यांनी डब्याच्या तोंडावर जुन्या धोतराचं फडकं टाकलं आणि सुतळीने बांधलं. मसाला दादरला लतिकाबाईंच्या घरी न्यायचा, चादरीवर पसरून गार करायचा आणि मग दोघी बहिणींनी वाटून घ्यायचा, हा दरवर्षीचा शिरस्ता होता. दरवर्षी टॅक्सी व्हायची. यंदा घरची गाडी होती, एवढाच काय तो फरक.

आता शरच्चंद्रांना बेल्टचं हे वेड का लागलं, ते सांगायला हवं. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले, तेही मोटार विभागातून. सारी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासण्यात घालवली. नुसता चेपलेला दरवाजा पाहून धडक कुठून बसली ते सांगायचे. फक्त गाडी चालवता येत नव्हती. ती ते निवृत्तीनंतर शिकले आणि एक छोटी, पांढरी, कुणाची तरी वापरलेली पण नीटस गाडी घेतली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक खांब आहे. त्या खांबाला गाडी लागली. महिन्याभराने पुन्हा लागली, त्याच खांबाला, पण दुसऱ्या बाजूने. शेवटी सेक्रेटरींनी खांबाला एक जुनी गादी गुंडाळून बांधली. सोसायटीतली मुलं आता लपाछपीत राज्य घेताना "नाबरांच्या गादीवर" डोकं टेकतात.

त्यावर त्यांच्या मुलीने, मनवाने, निकाल दिला होता. "बाबा, आता एक जरी ओरखडा आला ना, तर किल्ली माझ्याकडे. मग मे महिन्यात गावी, आचऱ्याला, आपलं नेहमीसारखं ट्रेनने जायचं."

हे शरच्चंद्रांना फार लागलं. आजवर ते गावी गेले ते बोचकी सांभाळत, ट्रेननंतरच्या एस.टी.तून उतरून, नाक्यावर रिक्षाची वाट बघत. पुतणे आपापल्या गाड्यांतून अंगणापर्यंत यायचे आणि "काका, फोन करायचा ना, आलो असतो न्यायला" असं म्हणायचे. यंदा आपण आपल्या गाडीने येतोय, हे त्यांनी गावात सगळ्यांना आधीच कळवून टाकलं होतं. ऑफिसातली खुर्ची गेली होती, सही गेली होती, लोकांनी "साहेब" म्हणणंही थांबवलं होतं. हातात उरली होती ती ही एक किल्ली, आणि ती मुलीच्या पर्समध्ये जावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

म्हणून ज्येष्ठ नागरिक संघात सुरक्षित ड्रायव्हिंगवर व्याख्यान झालं, तेव्हा बाकीची मंडळी नंतरच्या बटाटावड्यासाठी आली आणि शरच्चंद्र पहिल्या रांगेत कान टवकारून बसले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सीट स्टिअरिंगपासून मागे घेतली, डोक्यामागची उशी कानाच्या उंचीला आणली, टायरमधली हवा तपासून घेतली. मोबाइलच्या पडद्यावर, लॉक न उघडताही दिसेल असं लिहून ठेवलं: "अपघात झाल्यास मुलगी मनवा", पुढे तिचा नंबर. शेवटी मनवा म्हणाली, "ठीक आहे. मसाला आणायला लालबागला न्या गाडी. धड परत आलात तर आचरा." आणि निघताना तिने गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले.

तर मसाला बेल्टमध्ये बसला होता, शेजारी सुंदराबाई बेल्टमध्ये बसल्या होत्या, पुढे लतिकाबाई बसल्या होत्या, आणि शरच्चंद्र आरसे ठीकठाक करत होते. तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. चिंतामणी उभा होता, दोघी बहिणींचा मामेभाऊ. आडवा बांधा आणि बोलायची दांडगी हौस.

"भावोजी, दादर ना? मी पण तिकडेच. जागा आहे की मागे."

"जागा आहे," शरच्चंद्र म्हणाले. "बेल्ट नाहीये."

खरंच नव्हता. मागे बेल्ट तीन होते, पण मधला कधीच सीटच्या फटीत गडप झाला होता. उरलेल्या दोहोंपैकी एक सुंदराबाईंना होता, एक मसाल्याला.

"मागे कोण बेल्ट लावतं, भावोजी?"

"तू लावणार. कायदा आहे. आणि कायदा नसता तरी लावायला लावला असता. मागचा माणूस उडून पुढच्याच्या मानेवर येतो. मी असे कागद पाहिलेत."

"मग मसाल्याचा काढा ना," लतिकाबाई म्हणाल्या. "अहो, घरच्या माणसाला मसाल्यापायी बसने पाठवणार का तुम्ही?"

शरच्चंद्र पेचात पडले. कागदाने पाहिलं तर चिंतामणी चूक होता, नात्याने पाहिलं तर स्वतः शरच्चंद्र. "बरं, मग डबा खाली, पायाशी फसवून ठेवू."

"मसालो? पायाशी?" सुंदराबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला.

"मी धरतो ना मांडीवर," चिंतामणी बेल्ट ताणून घेत म्हणाला. बेल्ट त्याला जेमतेम पुरला. "लेकरासारखा धरतो."

"लेकरूही मांडीवर धरायचं नसतं. ब्रेक लागला की हात सुटतात. कुणाचेही सुटतात."

"माझे नाही सुटायचे. गोविंदात खालच्या थराला असायचो मी. अख्खे थर खांद्यावर घेतलेत, हा डबा काय चीज आहे?"

यावर व्याख्यात्यानेही हात टेकले असते. शरच्चंद्रांनी एसी लावला, सगळ्या काचा बंद केल्या आणि गाडी मोठ्या रस्त्याला काढली.

व्याख्यानातली एक गोष्ट त्यांना विशेष पटली होती. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं, आणि ते मोजायचं असं: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात एक वाक्य म्हणायला लागायचं. ते सावकाश म्हणून झाल्यावरच आपली गाडी त्या खांबापाशी पोचली पाहिजे. त्याआधी पोचली तर आपण फार जवळ आहोत. वाक्य कुठलंही चालेल. शरच्चंद्रांनी विचार करून "गणपती बाप्पा मोरया" निवडलं होतं. लांबी बरोबर बसत होती आणि प्रवासही देवाचं नाव घेऊन होत होता.

पुढची टॅक्सी खांबापाशी आली. शरच्चंद्र पुटपुटले, "गणपती बाप्पा..."

"मोरया," मागून सुंदराबाई म्हणाल्या.

"अहो ताई, तुम्ही नका म्हणू. मी अंतर मोजतोय."

"मोजा की. मी खंय आडवतंय?"

पण लालबागमध्ये हे दोन शब्द नुसते पुटपुटायची सोय नाही. पुढच्या खांबाला सुंदराबाईंबरोबर लतिकाबाईही म्हणाल्या. त्याच्या पुढच्या खांबाला चिंतामणीला सूर सापडला. मग तर प्रत्येक खांबाला बंद काचांच्या आत मिरवणूक निघाली. बाजूने जाणारे बाइकवाले वाकून वाकून आत कुठे मूर्ती दिसते का ते पाहू लागले.

मुंबईत अंतर ठेवण्यात आणखी एक गोची आहे. तुम्ही ठेवलेल्या अंतरात लगेच कुणीतरी राहायला येतं. एक रिकामी टॅक्सी आली. शरच्चंद्र पुन्हा मागे राहिले. मग एक टेम्पो आला. ते पुन्हा मागे राहिले. मागची बस हॉर्नवर हात ठेवूनच बसली होती.

"अहो, आपण घरी चाललोय की परत डंकावर?" लतिकाबाईंनी विचारलं.

शरच्चंद्रांनी नजर रस्त्यावरच ठेवली. बोलणं व्याख्यानात बसत नव्हतं. टेम्पो एकदाचा वळून गेला आणि पुढे पुन्हा तीच रिकामी टॅक्सी आली. ती खांबापाशी पोचली. शरच्चंद्र म्हणाले, "गणपती बाप्पा..." आणि त्याच वेळी फुटपाथवरून कुणीतरी हात केला, तशी ती टॅक्सी भर रस्त्यात होती तिथे उभी राहिली.

शरच्चंद्रांनी ब्रेक दाबला. घाबरून नाही, अर्धवट नाही, व्याख्यानात सांगितलं होतं तसा, पूर्ण पाय देऊन, स्टिअरिंग सरळ धरून. गाडी गचकन थांबली. पुढच्या टॅक्सीचा बंपर त्यांच्या बंपरपासून वीतभर लांब राहिला. धक्का नाही, स्पर्श नाही, ओरखडा नाही. ठेवलेलं अंतर अगदी नेमकं पुरलं होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी एवढा चांगला ब्रेक लावला नव्हता. त्या क्षणी त्यांना आचऱ्याचं घर दिसलं, सारवलेलं अंगण दिसलं, अंगणात उभी असलेली पांढरी गाडी दिसली, आणि तिच्याभोवती गप्प उभे राहिलेले पुतणे दिसले.

मग त्यांना काहीच दिसेनासं झालं.

झालं होतं ते असं, की "मोरया" म्हणताना चिंतामणीने दोन्ही हात वर केले होते. गोविंदातली सवय. बेल्टमुळे चिंतामणी जागच्या जागी राहिला. सुंदराबाई राहिल्या. लतिकाबाई राहिल्या. मसाल्याचा बेल्ट काढला होता, त्यामुळे मसाला राहिला नाही. डबा दोन सीटच्या मधून पुढे आला, गिअरवर आपटला, सुतळी तुटली, फडकं उडालं आणि एसीने पुढचं काम मनापासून केलं.

शरच्चंद्रांनी डोळे घट्ट मिटून जे करायचं ते सगळं ओळीने केलं. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. दोन्हीकडचे इंडिकेटर लावले. "सगळे... आँक्छी... फुटपाथच्या बाजूने उतरा," असं सांगितलं आणि मागून काही येत नाही ना, याचा कानांनीच अंदाज घेऊन स्वतः उतरले. चौघंही एकमेकांना धरून फुटपाथच्या कडेला एका घड्याळाच्या दुकानासमोर येऊन बसले आणि धाय मोकलून रडू लागले. म्हणजे रडायचं कुणाच्याच मनात नव्हतं, पण डोळे ऐकत नव्हते.

गर्दी जमायला लालबाग-परळला वेळ लागत नाही. लुकलुकणारी गाडी, आतून लालभडक झालेली काच, चार वडीलधारी माणसं हुंदके देतायत, आणि त्यातल्या एकाच्या पांढऱ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत लाल. कुणी जवळ जाऊन वास घेतला असता तर उलगडा झाला असता, पण रडणाऱ्या माणसाचा वास कोण घेतो?

"कोण होतं हो?" एका बाईने हळूच विचारलं.

लतिकाबाईंनी हात हलवून "कुणी नाही" असं सांगायचा प्रयत्न केला. बाईंना वाटलं, आता कुणी उरलं नाही असं म्हणतायत. त्या शेजारी बसल्या, लतिकाबाईंच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या आणि थोड्या वेळाने स्वतःही रडू लागल्या. त्यांच्या हाताला मसाला लागला होता, आणि तोच हात त्यांनी डोळ्यांना लावला होता.

घड्याळाच्या दुकानाचा मालक राजरत्न हा जबाबदार माणूस होता. तो पाण्याची बाटली घेऊन आला, त्याने सगळ्यांच्या तोंडावर पाणी मारलं आणि शरच्चंद्रांच्या हातातला मोबाइल पाहिला. पडद्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं: अपघात झाल्यास मुलगी मनवा.

"नको," शरच्चंद्र म्हणाले. निदान त्यांना तसं म्हणायचं होतं. प्रत्यक्षात ते तीनदा शिंकले.

"तुम्ही शांत रहा, काका. ताण घेऊ नका," राजरत्न म्हणाला आणि त्याने स्वतःच्या फोनवरून नंबर फिरवला. "हॅलो, मनवा मॅडम का? घाबरू नका. तुमच्या बाबांची गाडी... हो, परळला, पुलाच्या अलीकडे. काका बसलेत, पण बोलता येत नाहीये त्यांना. शर्टावर लाल आहे सगळं. बाकी पण सगळे रडतायत. तुम्ही या फक्त."

घाबरू नका, असं म्हणून यापेक्षा कुणी कुणाला जास्त घाबरवलं नसेल. मनवाचं ऑफिस लोअर परळला होतं. ती लिफ्टसाठीही थांबली नाही. धावत खाली आली, स्कूटर काढली आणि करी रोडच्या पुलावरून सुसाट निघाली.

तोवर इकडे डोळे जरा निवले होते. शरच्चंद्र उठले आणि गाडीभोवती एक फेरी मारून आले. पुढे काही नाही. डावीकडे काही नाही. उजवीकडे काही नाही. मागे काही नाही. सकाळच्या फोटोत होती तशीच गाडी होती, आतून रंग बदलला होता एवढंच. चिंतामणी मान खाली घालून म्हणाला, "भावोजी, चुकलं माझं." सुंदराबाई डब्यात उरलेल्या मसाल्याकडे बघत म्हणाल्या, "त्येका पट्टो होतो तोच बरो होतो." शरच्चंद्रांना एवढं बरं गेल्या कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मनवा आली. तिने लांबूनच ती लाल काच पाहिली, फुटपाथवरची गर्दी पाहिली, गर्दीत बाबा कुठे दिसतात ते पाहिलं. फक्त समोर पाहिलं नाही. शेवटच्या क्षणी ब्रेक दाबला, पण तो पुरला नाही. स्कूटर बाबांच्या उभ्या गाडीच्या मागच्या बंपरला खर्रकन घासली आणि थांबली.

मनवाने स्कूटर तशीच सोडली, धावत येऊन बाबांना मिठी मारली आणि त्यांचं तोंड, हात, छाती चाचपून पाहिली. "कुठे लागलंय? बाबा, बोला ना. कुठे लागलंय तुम्हाला?"

"कुठेच नाही गं. मसाला आहे हा."

मनवाने बोट शर्टाला लावून नाकाशी नेलं. मग तिने आधी आईकडे, मग मावशीकडे, मग चिंतामामाकडे पाहिलं आणि ती तिथेच फुटपाथवर बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"मसाला गेला का गं डोळ्यांत?" लतिकाबाईंनी विचारलं.

"हो," मनवा म्हणाली. गाडीची दारं उघडून बराच वेळ झाला होता आणि मसाला केव्हाच खाली बसला होता. शरच्चंद्रांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हात केसांवर आहे.

"हेल्मेट कुठंय?"

मनवाने मान खाली घातली. "ऑफिसात. टेबलाखाली. सुचलंच नाही काही."

शरच्चंद्र गाडीच्या मागे गेले. वाकले. बंपरवर एका टोकापासून पार मधोमध पोचलेला एक ताजा, लांबलचक ओरखडा होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला, विमा कंपनीत असताना फोटोवरून फिरवायचे तसा.

"पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं असतं," ते म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. मग ते मनवासमोर आले आणि त्यांनी तळहात पुढे केला.

मनवा त्या हाताकडे पाहत राहिली. आईकडे पाहून झालं, मावशीकडे पाहून झालं, पण कुठूनच मदत येईना. शेवटी तिने निमूटपणे स्कूटरची किल्ली त्या हातावर ठेवली.

स्कूटर राजरत्नने आपल्या दुकानासमोर लावून घेतली. चिंतामणी आपण होऊनच "मी बसने येतो" म्हणाला आणि कुणी "थांब" म्हणायच्या आत निघूनही गेला. डब्यात उरलेला मसाला सुंदराबाईंनी स्वतःच्या हाताने झाकण लावून डिकीत ठेवला, चपलांच्या शेजारी. काचा पुसून झाल्या, सीट झटकून झाल्या. मनवा मागे, मसाल्याच्या जागी बसली.

"बेल्ट," शरच्चंद्र आरशात बघून म्हणाले.

खटकन आवाज आला.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. पुढे एक बस होती. ती खांबापाशी आली, तसे शरच्चंद्र पुटपुटले, "गणपती बाप्पा..."

कुणी काही बोलेना. सुंदराबाईंनी तर तोंडावर पदर धरला होता. मग मागून, दोन्ही हात मांडीवर गच्च धरून, मनवा हळूच म्हणाली, "मोरया." आणि जरा थांबून, "बाबा, आचऱ्याला जाताना मलाही न्याल?"